पुण्यात नाच बघून लिहायचं, काढायचं असेल तर

पुण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत जवळजवळ रोज संध्याकाळी कुठे ना कुठे घुंगरू वाजत असतात. दुसऱ्या दिवशी त्याबद्दल वाचायला काय मिळतं? "बहारदार नृत्याविष्काराने रसिक मंत्रमुग्ध." नाव बदला, तारीख बदला, ओळ तीच. कलाकाराने नेमकं काय केलं, कोणत्या तालात केलं, लेहऱ्याला (तालाचं चक्र दाखवत राहणाऱ्या सुरावटीच्या साथीला) कोण बसलं होतं, कुठल्या जागी सभागृह एकदम शांत झालं, यातलं काहीच मागे राहत नाही. दहा वर्षांनी कोणी त्या संध्याकाळीबद्दल शोधायला गेलं, तर हाती फक्त ते "मंत्रमुग्ध" लागणार.

ही ओळ हद्दपार व्हावी अशी माझी मनापासून इच्छा आहे, म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही लिहिणारे असा, स्केच करणारे असा किंवा कॅमेरा घेऊन फिरणारे असा. नाच शिकलेलं असण्याची अट नाही. मीही शिकलेली नाही. पण बघायला शिकावं लागतं, आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

आधी एकच नाच धरा

नवीन माणसाची पहिली चूक म्हणजे सगळीकडे जाणं. सोमवारी कथक, बुधवारी भरतनाट्यम, शनिवारी साल्सा, रविवारी लावणी. महिन्याभरात डोक्यात सगळ्याची खिचडी होते आणि लिहिताना "पदन्यास", "हावभाव", "वेशभूषा" या तीन शब्दांच्या पलीकडे गाडी जात नाही. सहा महिने एकच शैली बघा.

पुण्यात असाल तर कथकपासून सुरुवात करणं सोपं, कारण ते इथे मुबलक आहे. त्यामागे एक नाव आहे: रोहिणी भाटे. शिष्यांच्या बेबीताई. 1947 साली त्यांनी पुण्यात नृत्यभारती सुरू केली, तेव्हा मध्यमवर्गीय घरातल्या मुलीने कथक शिकणं ही सहज मान्य होणारी गोष्ट नव्हती. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे त्या शिकल्या, 2008 मध्ये जाईपर्यंत शिकवत आणि लिहीत राहिल्या. 'माझी नृत्यसाधना' हे त्यांचं आत्मकथन मिळवून वाचाच. नाचाबद्दल मराठीत किती नेमकं लिहिता येतं, ते त्यात दिसतं. आज शहरात कथक शिकवणाऱ्या कितीतरी जणींची गुरुपरंपरा त्यांच्यापर्यंत जाऊन पोहोचते. शमा भाटे त्यांच्याच शिष्या. मनीषा साठे यांची वाट वेगळी, ती गोपीकृष्ण यांच्याकडून आलेली. कोण कोणाकडे शिकलं, हा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर काढून ठेवा. एखादी मुलगी मंचावर अमुक पद्धतीने हात का टाकते, याचं उत्तर बरेचदा त्या तक्त्यात सापडतं.

भरतनाट्यमकडे ओढा असेल, तर पुण्यात सुचेता भिडे-चापेकर यांचं काम समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. तंजावरच्या मराठा राजांनी मराठीत नृत्यासाठी रचना केल्या होत्या. आचार्य पार्वतीकुमार यांनी सरफोजीराजांच्या त्या रचनांवर काम केलं आणि सुचेताताई त्यांच्याकडे शिकल्या. पुढे हिंदुस्थानी संगीतावर भरतनाट्यम बसवण्याचा 'नृत्यगंगा' हा त्यांचा विचार याच शहरात वाढला. पुण्यातल्या भरतनाट्यमच्या कार्यक्रमात मराठी पद किंवा अभंग ऐकू आला, तर तो प्रेक्षकांच्या सोयीसाठी घातला असेल असं धरून चालू नका. त्यामागे मोठा इतिहास असू शकतो.

ताल हातावर आणा

याला पंधरा दिवस लागतील, पण हे टाळू नका. तीनताल 16 मात्रांचा. चार-चार मात्रांचे चार भाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली, म्हणजे तिथे टाळी न देता हात उलटा सोडायचा. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. स्वयंपाक करताना, सिग्नलला उभं असताना, मेट्रोत बसल्या बसल्या मोजत राहा. पहिली मात्रा म्हणजे सम. कथकमधला निम्मा आनंद हा समेवर येऊन पोहोचण्यातला आनंद आहे.

आता तिहाई. एकच तुकडा तीनदा म्हणायचा आणि शेवटचा ठोका समेवर पडला पाहिजे. सोप्यात सोपी घ्या: तिट, कत, धा. एकेका बोलाला एक मात्रा. खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून सुरू करा. पहिला धा अकराव्या मात्रेवर, दुसरा चौदाव्यावर आणि तिसरा बरोबर समेवर. हे हातावर टाळी देत तोंडाने एकदा जमलं, की मंचावर मोठी तिहाई सुरू होताच तुमची पाठ आपोआप ताठ होते. तो क्षण ओळखता आला, की त्यावर लिहिता येतं.

झपताल 10 मात्रांचा, रूपक 7, धमार 14. हे नंतर. घाई नाही.

क्लासमध्ये जाऊन बसा

माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट सांगते. एका कथकच्या कार्यक्रमावर मी लिहिलं की शेवटची तिहाई समेच्या आधीच संपली, नर्तकीचा अंदाज चुकला. मी मात्रा मोजल्या होत्या, त्यामुळे खात्री होती. दोन दिवसांनी त्या नर्तकीचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. म्हणाल्या, "सोमवारी सहाला क्लासला या. काही करू नका, फक्त बसा."

गेले. जुन्या वाड्याच्या मागची खोली, शहाबादी फरशी, भिंतीला नटराज, कोपऱ्यात चपलांचा ढीग. पाच मुली घुंगरू बांधत होत्या. एक जण दोरीचा पीळ घोट्याभोवती ओढून घेत होती आणि दर वेढ्याला पाय आपटून बघत होती, सैल राहिला का म्हणून. ताईंनी पेटीवर लेहरा धरला आणि एकच तिहाई तीन प्रकारे करून घेतली. एकदा समेवर. एकदा समेच्या एक मात्रा आधी संपवून, आणि त्या रिकाम्या राहिलेल्या समेवर मुलींनी फक्त मान वळवली. एकदा सम निघून गेल्यावर. "याला अनागत म्हणतात, याला अतीत. त्या दिवशी मी अनागत केलं होतं. समेला मान वळवली होती, ती तुम्ही बघितली का?"

मी बघितली नव्हती. मी पाय बघत होते आणि वहीत आकडे लिहीत होते. दुरुस्ती छापली, त्यांची माफी मागितली, आणि तेव्हापासून नियम केला: ज्यांच्यावर सविस्तर लिहायचं त्यांच्या तालमीला किमान एकदा जायचं.

तुम्हीही हेच करा. फोन करून विचारा, "ताई, एक दिवस तालमीला येऊन बसलं तर चालेल का?" बहुतेक जणी हो म्हणतात. परीक्षांच्या दिवसांत मात्र विचारू नका. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमाराला असतात, तेव्हा प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या मुलामुलींनी क्लास भरलेले असतात आणि ताईंना श्वास घ्यायला फुरसत नसते. वेळेआधी पोहोचा, चपला बाहेर काढा, भिंतीला टेकून बसा. मधेच प्रश्न विचारू नका. मुली पढंत, म्हणजे नाचाचे बोल तोंडाने म्हणत असतील तर मनातल्या मनात ताल धरा. बाहेर पडताना अडलेले शब्द विचारा: ठाट, आमद, परण, गतनिकास, लडी. भरतनाट्यममध्ये अडवू, अराइमंडी, जती, वर्णम. शब्दाचा अर्थ पाठ करण्यापेक्षा "हे एकदा करून दाखवाल?" असं म्हणा. दाखवलेलं विसरलं जात नाही.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रावरही लक्ष ठेवा. तिथे नृत्य, संगीत आणि नाटक शेजारी शेजारी शिकवलं जातं, आणि विद्यार्थ्यांचं काम त्यांच्या घडण्याच्या काळात बघायला मिळतं.

कार्यक्रमाच्या दिवशी

कुठे काय आहे हे वर्तमानपत्रांच्या 'आजचे कार्यक्रम' छापाच्या चौकटीत, नाट्यगृहांच्या बाहेरच्या फलकांवर आणि क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर कळतं. तिसरा मार्ग सगळ्यात भरवशाचा. सुरुवातीला खर्च करायचा नसेल तर सेनापती बापट रस्त्यावरच्या भारतीय विद्या भवनात जा. तिथले बरेच कार्यक्रम विनामूल्य असतात, सभागृह आटोपशीर आहे, कलाकार जवळून दिसतो. सुदर्शन रंगमंच आणि ज्योत्स्ना भोळे सभागृह या छोट्या जागांचंही तेच. बालगंधर्व रंगमंदिर, टिळक स्मारक, कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह इथे मोठे कार्यक्रम होतात. 29 एप्रिलच्या जागतिक नृत्य दिनाच्या आसपास आणि गुरुपौर्णिमेच्या सुमाराला इतके कार्यक्रम एकावर एक येतात, की निवड करावीच लागते.

मोठ्या नाट्यगृहात पहिल्या रांगेचा मोह सोडा. मंच उंच असतो, पहिल्या रांगेतून पायाची टाच दिसत नाही, आणि कथकमध्ये टाच दिसली नाही तर काय बघणार? सहावी ते दहावी रांग, मधोमध. समूहरचना असेल तर बाल्कनीत बसा, आकृत्या वरून कळतात.

वही छोटी, पेन आवाज न करणारं. अंधारात मोबाइल पेटवून लिहू नका. मागच्या माणसाच्या डोळ्यांत तो उजेड जातो आणि कलाकारालाही विंगेच्या दिशेने वळताना तो दिसतो. मी पानावर न बघता मोठ्या अक्षरात, एका पानावर चार-पाच शब्द, असं लिहिते. "चक्कर – थांबली – पदर अजून फिरतोय." एवढं पुरतं. घरी पोहोचायच्या आधी, पार्किंगमध्येच उभं राहून बाकीचं भरून काढा. सकाळपर्यंत थांबलात तर अर्धं गेलेलं असतं.

आणि नावं. निवेदक संगतकारांची नावं भराभर घेतात. तबला, गायन, पेटी किंवा सतार, पढंत, नट्टुवांगम (भरतनाट्यममधली झांजा आणि बोलांची साथ), प्रकाशयोजना, वेशभूषा. ऐकून लिहिलेलं नाव खात्रीचं नसतं. मध्यंतरात आयोजकांकडून कार्यक्रमपत्रिका मागून घ्या आणि ती जपून ठेवा. प्रकाशयोजनाकाराचं नाव तुमच्या लेखात आलं, तर अनेकदा ते पहिल्यांदाच कुठेतरी आलेलं असेल.

चित्र काढणाऱ्यांसाठी

हलणारं शरीर कागदावर पकडायचं तर ते थांबतं कुठे हे आधी कळायला हवं. कथकमध्ये ठाट ही तुमच्यासाठी सोन्यासारखी जागा. सुरुवातीला नर्तकी एका स्थितीत उभी राहते, फक्त भुवया, मनगट आणि श्वास हलतो. दुसरी जागा पढंतीची: ती माइकजवळ येऊन बोल म्हणते, हाताने ताल देते, तेव्हा चांगला अर्धा मिनिट मिळतो. भरतनाट्यममध्ये जती, म्हणजे बोलांवरचा पदन्यासाचा तुकडा, संपते तिथली स्थिती क्षणभर टिकते, आणि अराइमंडीत दुमडलेल्या गुडघ्यांचा चौकोन कागदावर लगेच उतरतो.

चेहऱ्यापासून सुरुवात करू नका. आधी कण्याची रेघ, मग खांदे आणि कंबर कुठे कललीत, मग वजन कोणत्या पायावर आहे. दहा सेकंदांत एवढंच. 6बी पेन्सिल किंवा ब्रश पेन घ्या, खोडरबर घरी ठेवा. सराव हवा असेल, तर ज्येष्ठ-आषाढात ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा भवानी पेठ आणि नाना पेठेत जा. वारकऱ्यांची पावली तासन् तास चालते: टाळ छातीशी, एक पाय पुढे, झुकणं, मागे येणं, पुन्हा तेच. तीच हालचाल पुन्हा पुन्हा समोर येते, त्यामुळे एखादी रेघ चुकली तरी पुढच्या फेरीत सापडते. याहून चांगला वर्ग मला माहीत नाही.

फोटो काढणाऱ्यांनी फ्लॅश बंद ठेवावा, ही चर्चेची गोष्टच नाही. कॅमेऱ्यात सायलेंट शटर असेल तर ते वापरा. चक्कर गोठवायची तर शटर 1/500 च्या आसपास, घेराचा भोवरा दिसायला हवा तर 1/60 वर आणून बघा, चेहरा स्थिर आणि कापड वाहतं असं चित्र कधीकधी मिळतं. लाल एलईडी दिव्यात चेहऱ्याचे तपशील जळून जातात, तेव्हा थांबा, प्रकाश बदलेपर्यंत नाच बघा. आणि ताल येत असेल तर सम कधी येणार हे आधी कळतं, बोट आपोआप तयार राहतं. पंधरा दिवस तीनताल मोजायला सांगितलं ते फोटोवाल्यांसाठीही होतं.

लावणीकडे जाताना

शहरातला नाच म्हणजे फक्त शास्त्रीय नाच, असं धरून चालणाऱ्यांनी अर्ध्या पुण्याकडे पाठ फिरवलेली असते. पेठांतलं आर्यभूषण थिएटर पिढ्यान् पिढ्या संगीतबारीचं ठिकाण राहिलेलं आहे. सोलापूर रस्त्यावर चौफुल्याला कला केंद्रं आहेत. पुणे-नाशिक रस्त्यावरचं नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. जत्रांच्या हंगामाआधी तिथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावची पंच मंडळी येतात आणि सुपाऱ्या ठरतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर तिथल्याच.

तीन गोष्टी आधी समजून घ्या. ढोलकी फडाचा तमाशा वेगळा: तिथे गण, गवळण, बतावणी, वग असा सगळा ऐवज असतो. संगीतबारी वेगळी: तिथे कलावंत स्वतः गातात आणि नाचतात, समोर पेटी, तबला, ढोलकी. आणि नाट्यगृहातला लावणी शो आणखी वेगळा, तिथे बरेचदा ध्वनिमुद्रित गाण्यावर नाच असतो. तिन्हींना सरसकट "ठसकेबाज लावणी" म्हणून मोकळं होऊ नका. संधी मिळाली तर बैठकीची लावणी बघा. बसल्या जागी एकच ओळ पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी अदा वेगळी. एकदा नुसती नजर, एकदा पदराचं टोक, एकदा सोडून दिलेला हात. एकेका अदेची वहीत नोंद करा. कथकमधला गतभाव, म्हणजे अभिनयातून गोष्ट सांगणं, बघून तयार झालेली नजर इथे फार उपयोगी पडते, आणि इथून परत गेल्यावर कथकही वेगळं दिसायला लागतं.

लिहिताना "लावणी कलावंत" लिहा. मंचावर जे नाव त्या लावतात, तेच वापरा. पहिल्या भेटीत घरच्या, खासगी आयुष्याच्या चौकशा करू नका. त्यांना आयुष्यभर तेच विचारलं गेलंय. पायातले चाळ किती वजनाचे, कुठे ओवून घेता, ही लावणी कोणाकडून शिकलात, हे विचारा. माझा अनुभव असा, की या प्रश्नावर गप्पा तासभर चालतात.

हिपहॉप, ब्रेकिंग, साल्सा यांच्या तरुण मंडळींनाही हाच न्याय. ब्रेकिंग 2024 मध्ये पॅरिसच्या ऑलिम्पिकपर्यंत जाऊन आलं, तरी आपल्याकडे त्यावर मराठीत लिहिणारे हाताच्या बोटांवर मोजावे लागतील. तिथे जागा मोकळी आहे.

लिहायला बसल्यावर

पहिल्या मसुद्यातून विशेषणं काढा. "अप्रतिम", "लाजवाब", "देखणं". मग प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारा, मी काय बघितलं म्हणून हे लिहिलं? ते लिहा. "द्रुत लयीत तिचे पाय स्पष्ट होते" यापेक्षा "लय दुप्पट झाली तरी टाच आणि पंजा यांचे आवाज वेगवेगळे ऐकू येत होते" हे वाचकाला दिसतं आणि ऐकू येतं. मत जरूर द्या. कंटाळा आला असेल तर कुठे आला तेही सांगा: तिसऱ्या रचनेत समूह सतत एकाच कोपऱ्यात राहिला, ध्वनिमुद्रित तबल्यामुळे उपजेला, म्हणजे ऐनवेळी सुचेल ते करायला, जागाच उरली नाही, असं. पण शिकणाऱ्या मुलांवर टीका लिहू नका. अरंगेत्रम (मंचावरचं पहिलं पूर्ण सादरीकरण) किंवा वार्षिक कार्यक्रम हा त्यांच्या शिक्षणाचा भाग आहे, तिथे नोंद घ्या आणि गुरूने काय निवडलं यावर लिहा.

पुण्यात हे क्षेत्र लहान आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात. ज्यांच्या क्लासमध्ये तुमची भाची शिकते त्यांच्यावर लिहायचं असेल तर ते लेखात सांगा. पास घेतला तर चालतं, मानधन घेऊन स्तुती लिहिली तर चालत नाही. छापण्याआधी संपूर्ण लेख कलाकाराला दाखवू नका, पण नावं, ताल, रचनाकार आणि गुरू यांची खात्री मात्र त्यांच्याकडूनच करून घ्या.

परवानगीचं थोडक्यात. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात लिहून किंवा अन्य प्रकारे पक्की केलेली नृत्यरचना ही नाट्यकृतीत मोडते, आणि सादर करणाऱ्याचे वेगळे हक्क 50 वर्षं राहतात. म्हणून पूर्ण रचनेचा व्हिडिओ विचारल्याशिवाय टाकू नका. मुलांचे फोटो असतील तर पालकांना विचारा, क्लासच्या ताईंनी हो म्हटलं तेवढं पुरेसं नाही. दुसऱ्याने काढलेला फोटो वापरताना त्याचं नाव द्या, तोही रात्री उशिरापर्यंत त्याच सभागृहात उभा होता.

लेख झाला, स्केच पूर्ण झालं, की त्याची एक प्रत क्लासमध्ये नेऊन द्या, सोबत कार्यक्रमाची तारीख, जागा आणि सगळ्या संगतकारांची नावं लिहिलेला कागद. माझा एक तसा कागद मी परवा एका क्लासच्या भिंतीवर टाचलेला पाहिला, चार वर्षांपूर्वीचा. तबलजींच्या नावाखाली कोणीतरी पेनाने त्यांच्या गुरूंचं नाव लिहून ठेवलं होतं.